सांगणाऱ्यालाच शिक्षा

सहावीतली माझी मुलगी मोबाइल घेऊन पुढ्यात उभी राहिली. "पप्पा, गेममधला एक दादा माझा फोटो मागतोय. घरात सांगू नको म्हणतोय."

फर्स्ट शिफ्ट करून मी महाळुंग्याच्या कारखान्यातून चिखलीला घरी नुकताच पोचलो होतो. ट्रॅफिकचा धूर अजून डोक्यात होता. दादा कोण, कुठला, काही न विचारता पोरीवरच ओरडलो. "गेम खेळायला सांगितलं कुणी?" मोबाइल हिसकावला, कपाटात कोंबला, किल्ली खिशात. प्रश्न मिटला! एवढ्या झटपट आमच्या लाइनवर नटसुद्धा आवळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी कंपनीत चहाला हे शौर्य छाती फुगवून सांगितलं. मेंटेनन्सचे चाचा बशी तोंडाशी नेता नेता थांबले.

"राव, मशिनमध्ये हात जाता जाता वाचला, असं कुणी येऊन सांगितलं तर आपण काय करतो?"

"टाळ्या वाजवतो. फळ्यावर नाव लावतो." सुपरवायझर म्हणून ते नाव मीच लावतो.

"आणि पोरीला मेमो दिलास? आता पुढच्या वेळी बोलेल का ती?"

चहा तसाच ठेवून उठलो.

घरी येऊन पोरीसमोर बसलो. ती म्हणाली, "आधी ओरडणार नाही म्हणा."

म्हणालो.

तिनं आईच्या मोबाइलवर स्वतःच्या आयडीनं तोच गेम उघडला. दोन आठवड्यांचे मेसेज. आधी कौतुक, मग गुपितं, मग हे: 'पप्पांना सांगितलंस तर ते तुझाच फोन काढून घेतील. तुलाच रागावतील. मी नाही रागावणार.'

त्या हरामखोरानं मला कधी पाहिलं नव्हतं, पण मी त्याला तोंडपाठ होतो. त्याचं अर्धं काम मी फुकटात करून दिलं होतं. पहिल्यांदा वाटलं, कपाटावर डोकं आपटावं. मग वाटलं, त्याचं आपटावं. तिरमिरीत ब्लॉक करायला गेलो, तर पोरीनं हात धरला. "थांबा पप्पा, पुरावा जाईल." स्क्रीनशॉट तिनंच काढले.

पोलीस ठाण्यात टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "एवढ्याशा पोरीला मोबाइल देता कशाला?"

पोरगी खुर्चीत आक्रसली. माझा आवाज इतका चढला, की शेजारच्या टेबलावरचं लिहिणं थांबलं.

"साहेब, तिनं येऊन सांगितलं म्हणून कळलं तरी! मला काय बोलायचं ते नंतर बोला. आधी तिचं ऐका."

साहेबांनी कागद पुढे ओढला. पोरीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यापासून सांगायला लागली.