शंभर फेरे

आमच्या कारखान्यातले किस्से मी ठरवून सांगत नाही, ते तोंडातून निसटतात. एक संपतो न संपतो तोच दुसरा जिभेवर हजर! सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरबाहेर हिंगण्याच्या बाजूला आम्ही रंगासाठी रेझिन, म्हणजे चिकट राळ, बनवायचो. किटली एकच, म्हणजे माणसापेक्षा उंच पातेलं. खाली भट्टी, वर मोटरवर फिरणारी ढवळणी, लांब दांडा आणि टोकाला पातं. माल घट्ट होत आला आणि ढवळणं थांबलं, की आतच त्याचा दगड. मग किटली गेली, आणि तिच्या मागोमाग आमच्या नोकऱ्या! म्हणून बॅच चालू असताना कुणी बसत नसे. मी केमिस्ट, पण काम मुख्यतः येरझाऱ्यांचं.

*

पहिल्याच महिन्यात एकदा मोटर छान घुमत होती, दांडा फिरत होता, मी खुशीत. ऑपरेटर गजभिये आले आणि दारातूनच ओरडले, "भट्टी विझवा! मोटर हलकी चालून राहिली. अंदर काहीच ढवळून नाही राहिलं!"

पातं निखळून तळाशी पडलं होतं आणि मी नुसत्या दांड्याकडे कौतुकानं बघत होतो! माल कसाबसा ड्रममध्ये उतरवला. तेव्हापासून मी डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विश्वास ठेवतो.

*

लाइन गेली की ढवळणीचं हँडल हातानं फिरवायचं. त्या वेळी दारातून जो आत येईल त्यानं शंभर फेरे द्यायचे, हा गजभियेंचा नियम. एकदा नेमके अशा वेळी सरकारी इन्स्पेक्टर आले.

"मी तपासणीला आलोय!"

"तपासा ना साहेब, पण फिरवता फिरवता तपासा."

शंभर फेरे झाले. मग शेरा लिहायला साहेबांचा हात उचलेना. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. शेरा फार चांगला आला!

*

घरीही तेच. शेजारची पिठाची चक्की थांबली की मी पायात चपला घालायचो. बायको म्हणायची, "अहो, दळण संपलं त्यांचं!"

*

गजभियेंच्या मुलीनं, सुमननं, बँकेतला मुलगा पसंत केला. बापानं होकार दिला, पण मन खात होतं. "साहेब, पोरगा चांगला आहे. पण हात पाहिले का त्याचे? कापूस! वेळ आली तर माह्या पोरीले कसा सांभाळन?"

लग्न भरदुपारी, कारखान्याच्या बाजूच्याच मोकळ्या जागेत. मालकानं नेमकी त्याच दिवशी तातडीची बॅच लावलेली. दोघं किटलीपाशी, बाकी सगळे मंडपात. बुद्धवंदना झाली, सुमननं हार उचलला, आणि मंडपातले पंखे थांबले.

कारखान्यातले आम्ही नऊ जण एकदम उभे राहिलो. वरपक्षाला वाटलं, मानपानात काही बिनसलं! "काहून उठले गा सारे?" आम्ही किटलीकडे पळत सुटलो. सर्वांत पुढे मुलीचा बाप धावत होता.

माल खिरीसारखा घट्ट झाला होता. दोघा-दोघांनी हँडल धरलं, पाळ्या लावल्या. गजभिये दमून धापा टाकायला लागले, तेवढ्यात त्यांच्या बाजूनं एक पांढरी बाही पुढे आली. नवरदेव!

"बाबूजी, सोडा तुम्ही."

शंभर झाले, दोनशे झाले. पोरगा हँडल सोडेना. अखेर लाइन आली, मोटर जड आवाजात घुमली. मी काचेवर थेंब टाकून पाहिला. माल वाचला होता.

गजभियेंनी काचेकडे पाहिलंच नाही. त्यांनी जावयाचा हात धरला, तळवा वर केला. दोन फोड आलेले, एक फुटलेला. दारात हार घेऊन सुमन उभी होती.

"ये वं," गजभिये म्हणाले, "घाल आता."