सुजाताच्या ऑफिसचा माणूस

भिलाईच्या कोण्याही जुन्या प्लांटवाल्यापाशी बळीराम मेश्रामचं नाव काढा, तो चहाचीच गोष्ट सांगन. कोण्या नव्या साहेबानं त्यायले म्हटलं, "ऐ, चाय लेके आ." काका क्रेनवरून खाली उतरले, साहेबासमोर जाऊन उभे राहिले आन म्हणाले, "मैं क्रेन चलाता हूँ साहब. कैंटीन उधर है." साहेबाचं तोंड एवढंसं झालं. "बाबासाहेबानं आमाले ताठ उभं राहाले शिकवलं," काका सांगत, आन सांगता सांगता खरंच उठून उभे राहात. असा तो माणूस! म्हणून तं मले अजूनही राग येते. कोणावर येते, ते मात्र समजत नाही.

मी अन्नपूर्णा. विम्याची कामं करते. स्मृती नगरात एका दुकानाच्या वरती शेअरिंग ऑफिस आहे, तिथं भाडं देऊन बसते. वायफाय, प्रिंटर, पाण्याचा फिल्टर, सगळं सगळ्यायचं. खुर्ची मात्र कोणाचीच नाही. जो पहिले येईन त्यानं पसंतीची घ्यावी. काकाची पोरगी सुजाता तिथं आली ते माह्याच सांगण्यावरून. लोखंडी शेडची ड्रॉइंग बनवते ती. काका रिटायर झाले, सेक्टर दहाचं क्वार्टर सुटलं आन बापलेक भाड्याच्या दोन खोल्यांत आले. गिरजाकाकू तं आधीच गेल्या होत्या. घरी कोणी काम घेऊन आलं तं बसवावं कुठं, खाटेवर?

खुर्ची कोणाचीच नाही, हे काकाले काही पटे ना. "भाडं देतो तं जागा पक्की पाहिजे!" मंग त्यायनं आपला उपाय काढला. नागपूरच्या पॅसेंजरमध्ये जागा धराले टाकतात ना गमछा, तसा. रोज ऑफिस उघडलं का काका हजर. खिडकीपाशी उजेड चांगला, म्हणून तिथल्या खुर्चीवर गमछा पसरायचा आन सुजाता सैपाक आटपून येईपर्यंत बाजूच्या स्टुलावर राखण करत बसायचं. कॉम्प्युटरवाली पोरं हसत. "काका, ये कोई ट्रेन है क्या?"

"ट्रेनच समजा बाप्पा. माह्या पोरीले लांब जायचं आहे."

अशाच एका सकाळी रसमड्याचे केवलराम शेठ न सांगता आले. त्यायचा कारखाना वाढून राहिला होता, नव्या शेडची ड्रॉइंग कोणाले द्यावी ते पाहाले आले होते. सुजाताले हे काम मिळालं तं धंदा उभा राहाणार होता. नाही तं खुर्चीचं भाडंही जड झालं होतं. शेठनं गमछ्याची खुर्ची पाहिली, काकाले पाहिलं. "मैडम नहीं आईं? आप कौन?"

मले वाटलं, आता काका छाती फुगवून म्हणतीन, मेरी बेटी है. काका उठले. गमछा उचलला, त्यानंच खुर्ची पुसली आन म्हणाले, "बैठिए साहब. मैं मैडम के ऑफिस का आदमी हूँ." फिल्टरचं पाणी आणून दिलं. मंग खाली जाऊन चहासुद्धा आणला. बळीराम मेश्रामनं! मी पाहातच राहिली.

सुजाता आली तवा शेठ खूश होते. "आदमी अच्छा रखा है आपने." तिनं बापाकडं पाहिलं. काकानं डोळ्यानंच दटावलं.

शेठ गेल्यावर ती रडकुंडीले आली. "बाबा, तुमी असं कावून केलं?"

"अवं, जिथं बाप खुर्ची राखत बसते, त्याले कोण ऑफिस म्हणन? काम हातात येऊ दे, मंग सांगू."

काम आलं. मंग दुसरं आलं. शेठ आले का काका उठत. पाणी, चहा, उष्टे कप उचलणं, सगळं करत. सुजाता दर खेपेले म्हणे, "आज सांगतेच." काका म्हणत, "थांब ना वं, एवढं काम होऊ दे." आन ती थांबे. एकदा मीच चिडली, "काका, तुमाले शोभते का हे?"

ते हसले. "बाई, तवा साहेबानं हुकूम सोडला होता. आता कोणी सांगितलं काय? मी आपल्या मनानं आणतो."

थंडीत एका पहाटे काका झोपेतच गेले. शेठचा ऑफिसात फोन आला, तवा मी फक्त एवढंच सांगितलं का ऑफिसातले काका गेले, रविवारी विहारात पुण्यानुमोदन आहे. बाकीचं सांगणं सुजाताचं होतं.

विहारात पाय ठेवाले जागा नव्हती. काकाची अर्धी रोलिंग मिल आली होती. बुद्ध आन बाबासाहेबांच्या फोटोखाली काकाचा फोटो, समोर मेणबत्त्या. शेठ पांढरा हार घेऊन आले. फोटोले वाहिला, हात जोडले आन पांढऱ्या साडीतल्या सुजाताजवळ येऊन हळूच म्हणाले, "आप भी आईं मैडम? अपने आदमी के लिए आजकल इतना कौन करता है."

सुजाता खाली पाहात राहिली. आदरांजलीचा माइक फिरून राहिला होता. एका म्हाताऱ्या फोरमननं चहाची गोष्ट सांगितली, लोक रडता रडता हसले. शेठ मात्र गोंधळून इकडंतिकडं पाहू लागले. शेवटी माइक सुजाताच्या हातात आला. तिनं शेठकडं पाहिलं.

"ये मेरे बाबा हैं," ती म्हणाली. "माहे बाबा होते हे."

शेठ उभे होते ते खाली सतरंजीवर बसले. चहा झाल्यावर पोरी कप गोळा कराले आल्या, तं त्यायनं आपला कप दिला नाही. बाहेर नेला, नळावर स्वतः धुतला आन आणून ठेवला. जाताना सुजाताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "काम तो मैं तब भी देता, बेटी."

ते गेले. सुजाता माह्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. "एवढं सोपं होतं वं ताई, सांगणं," ती म्हणाली. "मंग मी कावून थांबली?"