तिसऱ्या मजल्याची हरकत

आमच्या ह्यांना सगळी गल्ली ‘भोंगा’ म्हणते. त्यांना ते ठाऊक आहे, आणि त्याचा अभिमानही आहे, हे माझं नशीब. अख्खी नोकरी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेली. निवृत्त झाले, पण तोंडचा माईक काही सुटला नाही. घरात चहा उकळायला लागला तरी, "प्रवाशांनी लक्ष द्यावे, चहा पाच मिनिटं उशिरा येत आहे," असं कळवतात. घरात प्रवासी मी एकटीच. पहिलं वर्षभर हसले, मग हसणं सोडून दिलं.

त्यात ह्यांना हरकती घ्यायचा नाद. गल्लीत दिवा लावायचं ठरलं, ह्यांची हरकत. तो दिवा काढायचं ठरलं, तरी ह्यांची हरकत. नगरपालिकेची कुठलीही सुनावणी असो, हे पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. तेव्हापासून खालचं जग गॅलरीतून दिसेल तेवढंच. बाजार हे करतात, म्हणजे दोन वर्षं मी जून भेंडी खातेय. कितीदा सांगितलं, टोक मोडून बघा, कट्‌कन तुटलं तरच घ्या. हे म्हणतात, भाजीवाला ओळखीचा आहे. अहो, ओळखीचा आहे म्हणूनच तर तुमच्या गळ्यात मारतो!

असं सगळं चाललेलं असताना नगरपालिकेच्या नकाशावर आमची गल्ली पिवळीची निळी करायचं निघालं. पिवळी म्हणजे नुसती राहायची घरं. निळी म्हणजे खाली दुकानं आणि वर उंच इमारती. मंजूर झालं तर आमची इमारत पाडून नवी बांधणार, लिफ्टसकट. बिल्डरचा माणूस घरी येऊन तसं सांगून गेला. लिफ्ट म्हटल्याबरोबर मी त्याला दुसरा कप चहा दिला. ह्यांनी त्याला जिना दाखवला.

"जन्मभर हॉर्न ऐकले मी," हे म्हणाले. "आता म्हातारपणी खिडकीखाली दुकानं नि ट्रक? मला शांतता पाहिजे."

भोंग्याला शांतता पाहिजे! "आणि माझे गुडघे?" मी विचारलं. पण तोवर हे आरशासमोर उभे राहून भाषणाला लागले होते. लेखी हरकत नगरपालिकेत देऊन आले, तरी आठवडाभर तेच. आंघोळ करताना भाषण, दाढी करताना भाषण. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं?

सुनावणीच्या दिवशी सकाळी ह्यांनी तोंड उघडलं तर आतून नुसती हवा. घसा पार बसलेला. मला हसू आवरेना. पण हसू संपायच्या आत ह्यांनी भाषणाचा कागद माझ्या हातात दिला. एका घरातून एकानेच बोलायचं, आणि तो तिथला रहिवासी हवा, असा नियम. मुलगी परगावी. राहता राहिले मी.

एका हातात कठडा आणि दुसऱ्या हातात हे, अशी मी उतरायला लागले. प्रत्येक पायरीला गुडघ्यात कळ. दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी खुर्ची बाहेर आणून दिली, तिच्यावर बसून दम घेतला. आणि हा सगळा आटापिटा कशासाठी, तर लिफ्ट नको म्हणून सांगायला! तिथेच मला रागाने रडू आलं. ह्यांना वाटलं, गुडघा दुखतोय.

सभागृहात भिंतीवर मोठा नकाशा, खाली टेबलाशी अधिकारी, आणि त्यांच्यापुढे घंटा. तीन मिनिटं झाली की ती वाजणार. पण बोलणारा प्रत्येक जण आपलंच घोडं पुढे दामटत होता. औषधवाल्याने सगळा वेळ कुत्र्यांवर घालवला. आमच्या खालचे वकील शेजाऱ्याच्या मोटारीवर घसरले, आणि शेजारी तिथेच बसलेला, मग काय विचारता. पिवळं-निळं राहिलं बाजूला. माझं डोकं ठणकायला लागलं.

माझी पाळी आली. मी कागद उघडून वाचलं, "आम्ही सर्व रहिवासी या बदलाला ठाम विरोध करतो." आणि पुढचं वाक्य काही तोंडातून निघेना. ह्यांनी पहिल्या रांगेतून हाताने खूण केली, पुढे, पुढे.

मी कागदाची घडी घातली.

"हे आमच्या ह्यांचं होतं," मी म्हणाले. "आता माझं ऐका. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. दोन वर्षांनी आज रस्त्यावर पाय ठेवला, तोही ह्यांचा घसा बसला म्हणून. मला गल्ली पिवळी असो की निळी, काही देणंघेणं नाही. मला लिफ्ट पाहिजे. मला माझी भाजी माझ्या हाताने निवडायची आहे."

मागे कोणीतरी हसलं. अधिकारी गोंधळले. "पण आजी, तुमच्या घराची लेखी हरकत आहे. ती ज्यांनी दिली त्यांनीच मागे घ्यायला हवी."

सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उभे राहिले, तोंड उघडलं, हवा निघाली. घंटा वाजली आणि अधिकाऱ्यांनी पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर मी ह्यांना म्हटलं, घरी नंतर, आधी भाजीवाला. भेंडीच्या ढिगापुढे उभी राहून मी एकेक टोक मोडलं. भाजीवाला कुरकुरला, मी ढिम्म हलले नाही. हे पिशवी धरून उभे होते आणि, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, नुसते बघत होते.

चढणं उतरण्याहून वाईट. दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची अजून बाहेरच होती, मी तिच्यावर कोसळले. हे पायरीवर बसले आणि घशातून कसाबसा आवाज काढून म्हणाले, "एवढं होतं, तर आधी बोलली का नाहीस?"

"बोलले. शंभर वेळा बोलले," मी म्हणाले. "तुमच्या घोषणा चालू होत्या."

ह्यांनी भेंडीची पिशवी उचलली आणि दुसरा हात माझ्यापुढे केला.

दोन-तीन दिवसांनी घसा सुटला. मला वाटलं, आता भोंगा पुन्हा सुरू. हे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले, शर्ट इस्त्रीचा. आवाज मात्र शेजारच्या खोलीतही जाणार नाही एवढाच.

"ती हरकत मागे घ्यायची तर तिथे नेमकं काय बोलावं?" त्यांनी विचारलं. "तू येतेस का बरोबर?"

कपाळ माझं! "जन्मभर बोललात, आता एवढं एकट्याने बोला," मी म्हणाले. "लिफ्ट झाली की येईन."