दुसरा खड्डा

"माझं ऱ्हाऊ द्या," हे त्याचं पालुपद. चहा आला, माझं ऱ्हाऊ द्या. नवे हातमोजे आले, माझं ऱ्हाऊ द्या. जरा सावलीत बस म्हटलं, तरी तेच. तुमच्याही पाहण्यात असा एखादा भिडस्त माणूस असेल. आम्ही त्याला भिडस्तच समजत होतो.

तेलगावच्या अलीकडे माळावर दगडाची जुनी खदान आहे. लांबच्या एका कारखान्याने, जो आता बंद पडलाय, आपला तेलकट गाळ वर्षानुवर्षं तिथं आणून ओतला होता. तो उपसायच्या कामावर मी देखरेखीला होतो. डिंकासारखा चिकट, काळा गाळ. लाकडाचा भुसा मिसळून तो घट्ट करायचा, टिपरमध्ये भरायचा आणि अशा घाणीसाठी बांधलेल्या जागी पाठवायचा. उन्हं चढली की वासानं डोकं उठायचं. मजूर टिकत नसत. हा गेवराईकडचा, पन्नाशी उलटलेला माणूस मात्र आपण होऊन आला आणि टिकला. जेसीबीचा हात पोचत नसे तिथं फावडं घेऊन उतरायचा.

"अरे, अंगावर उडतंय!"

"उडू द्या सायब. धुतलं की जातंय."

जात नसे.

माळावर धनगरांची चार-पाच बिऱ्हाडं होती. त्यातली एक कर्ती बाई, आम्ही तिला अक्का म्हणायचो. काम संपत आलं त्या दुपारी ती आमच्यासाठी ताक घेऊन आली. पहिला पेला तिनं त्याच्यापुढं धरला.

"घ्या भाऊ. तुमीच लई राबलाव."

"माझं ऱ्हाऊ द्या."

"कावून? आमच्या हातचं चालत न्हाई?"

तो खाली बसला. "अक्का, ही घान म्याच वतलीय. कारखान्याचा टँकर माझ्या हातात हुता." मग खाली मान घालून तो म्हणाला, "आजून एक खड्डा हाय. तुमच्या पानवठ्याच्या वरल्या अंगाला, मुरमाखाली बुजवलेला. रोज सांगीन म्हनलं. जीभ उचलली न्हाई."

मला वाटलं, ती आता पेला भिरकावणार. ती त्याच्यासमोरच बसली.

"सून घरात आली आन् मेंढ्या गाभडाया लागल्या, कच्ची कोकरं पडाया लागली," ती म्हणाली. "पांढऱ्या पायाची म्हनून म्या तिला माहेरी धाडली. चार मानसांत म्हनलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग उठली. "चल भाऊ. मला सांगितलंस तसं तिला सांग. एकटीनं जायला मला तोंड न्हाई."

दुसऱ्या दिवशी मीच दोघांना जीपमधून पाटोद्याकडे, सुनेच्या माहेरी नेलं. तो ओट्यावर चढला नाही. अंगणात उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. सून ज्वारी निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सासूकडं पाहिलं.

"मला बोललाव ते चार मानसांत बोललाव. हे बी तसंच बोला."

अक्का बोलली. माळावर, सगळ्या बिऱ्हाडांसमोर, हात जोडून. सून परत आली.

दुसरा खड्डा खरंच तिथं होता. मुरूम काढला तर खाली तेच काळं. तो एकही सुट्टी न घेता उपसत राहिला. त्याला कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी बोललंही नाही. शेवटचा टिपर भरला आणि दुसऱ्या दिवसापासून तो दिसला नाही.

आम्ही सामान आवरत होतो तेव्हा सून मेंढरं घेऊन आली. "ते टँकरवाले मामा गेले का?"

"गेले. का गं?"

"एक इचारायचं ऱ्हायलं. वतताना त्यास्नी आमची मेंढरं दिसत हुती का?"

ती दुसऱ्या खड्ड्याच्या काठावर उभी होती. तिच्या शेजारी उभं राहून मी खाली पाहिलं. पाणवठ्यावरचं एकेक मेंढरू स्पष्ट दिसत होतं.

"ठाऊक नाही," मी म्हणालो.