नवरा, घार आणि आडवा वारा

माझ्या सवतीला पंख आहेत. हे मी म्हणत नाही, शेजारचे आबा म्हणतात. "सूनबाई, सवत आली बघा वर," असं कुंपणावरून ओरडायचं आणि स्वतःच हसायचं. आली म्हणजे घार आली. ती आली की आमचे हे हातातलं काम टाकून अंगणात उभे.

आमच्या अंथुर्णे गावात घारींना तोटा नाही. ऊस तुटला, रानात राहिलेला वाळका पाला, पाचट पेटलं, की पळणाऱ्या उंदरांसाठी त्या हजर. पण ह्यांची ठरलेली एकच, शेपटीचं एक पीस तुटलेली. तिच्याबद्दल बोलताना ह्यांचा जो आवाज लागतो, तो माझ्या वाट्याला लग्नानंतरचे चार दिवस आला असेल.

"बघ, एकदा बी पंख हलवला न्हाय. तापल्या रानावरनं हवा वर चढतीया, त्यात बरोबर शिरली. आता शेपूट कशी पिळली बघ! पिसांच्या मुळाशी केसावानी बारीक पिसं असत्यात. वारा जरा बदलला की तितं आधी कळतंय तिला."

मी फ्रिजच्या दारावर याद्या लावते. गॅस, मोटारीची दुरुस्ती, सासूबाईंच्या गोळ्या, लग्नाचे आहेर. घर त्यावर चालतं. पुढच्या खोलीला नवे पडदे लावले, ते ह्यांना आठवड्यानं दिसले, तेही मी धरून हलवल्यावर. घारीचं तुटलेलं पीस मात्र आभाळातून दिसतं. हेवा वाटायचाच.

मार्चमध्ये गच्चीवरून उतरताना, अर्थातच वर बघत, ह्यांची शेवटची पायरी चुकली. मनगट मोडलं. यादीत एक ओळ वाढली: बारामती, हाडांचे डॉक्टर, प्लास्टर दाखवणे. स्कूटर मी चालवणार, प्लास्टर सांभाळत हे मागे.

तो रस्ता मला पाठ आहे. दोन्हीकडे ऊस उभा असला की वारा लागत नाही. मध्येच तुटलेलं रान आलं की उजव्या अंगानं असा दणका बसतो की गाडी रस्त्याच्या कडेला जाते. कुणाचा ऊस तुटला, कुणाचा उभा आहे, हे येता-जाता डोक्यात बसलेलं. त्यामुळे ऊस संपायच्या जरा आधीच मी उजवीकडे कलते.

"अहो, मान खाली घ्या. गाडी हलतीया."

"मी काय केलं?"

"वर कोण हाय?"

"कोण न्हाय," हे म्हणाले, पण आवाज मऊ. मी रेस वाढवली.

पिंपळीच्या अलीकडे मागून काहीच ऐकू येईना. "झोपला का काय तुमी?"

"गप. बघतोय."

"तिलाच ना?"

"तुला. वारा लागायच्या आधीच कलतीस तू. मगाधरनं बघतोय. आता... ही बघ, कललीस! कसं कळतं गं तुला?"

तोच आवाज. घारीसाठी राखून ठेवलेला.

उत्तर सोपं होतं. पुढच्या रानातला ऊस परवाच कारखान्याला गेला, एवढंच. पण ते सांगितलं असतं तर आवाज तिथंच संपला असता.

"कळतं," मी म्हणाले आणि वेग कमी केला. एरवी मी सगळीकडे वेळेच्या आधी पोचणारी. त्या दिवशी मागून येणारे उसाचे ट्रॅक्टर हॉर्न देत आम्हाला ओलांडून गेले, तरी मी घाई केली नाही. पुढं अजून बरीच तुटलेली रानं होती, आणि प्रत्येक रानाला मागून "वा!" येत होतं.

दवाखान्यासमोर उतरताना हे म्हणाले, "जाताना वारा डाव्या अंगाला असंल. तवा कशी करतीस बघू."

मी गाडी स्टँडवर लावत वर पाहिलं. दवाखान्याच्या पाण्याच्या टाकीवर एक घार सावकाश गोल फिरत होती, पंख न हलवता. ह्यांनी मान उचलायच्या आत मी त्यांचा धड हात धरला आणि त्यांना आत नेलं.