माझ्या रडण्याची रिंगटोन

उल्हासनगर सोडलं त्या सकाळी टेम्पोपाशी कोण कोण होतं ते आधी सांगते. माझी मुलगी मंगल आन् जावई. शेजारची देवी, सिंधी बाई, माझ्याच वयाची. माझ्या दिराचा पोरगा सुनील, स्वतः लेकराबाळांचा बाप, पण तो लांब नळापाशी मान खाली घालून उभा. टेम्पोवाला. मी. आन् गाद्यांच्या वळकटीपाशी बांधलेली आमची शेळी, बाळी. माझे मालक नव्हते. ते त्याच उन्हाळ्यात गेले.

आन् कट्ट्यावर काही पोरं बसलेली, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. टेम्पो हलला तसा त्यातला एक ओरडला, "ये गं माझे बाय!" बाळीनं कान टवकारले, मान वर केली आन् ओ दिली. पोरं खिदळली. एकानं मोबाईल वर धरला.

जावई म्हणाले, "आई, लक्ष नका देऊ."

मी तवा काय बोलले नाय. आयुष्यभर बोलले नाय, बोलायची सवय नाय. पण आता बोलते आन् मंगलची पोर, माझी नात, लिहून घेते. मी चौथीपर्यंत शिकले, अक्षर लागतं, पण रागात ओळ धड राहत नाय. गावाकडच्या माझ्या बायांनो, आन् पोटामागं हिकडं आलेल्यांनो, तुमच्यातल्या कितीजणांनी ती क्लिप बघितली असंल. बकरीवाली म्हातारी. ती मी.

माझं माहेर-सासर दोन्ही माणदेशात. लग्न झालं आन् वरसाभरात मालकांबरोबर उल्हासनगरला आले. निघताना माझी आई एस्टीच्या खिडकीपाशी उभी होती. तिनं भाकरीचं फडकं आत दिलं आन् म्हणाली, "बाय, परमुलखात चार बाया जोडून ठेव. जेवायला कुणीबी भेटंल. रडायला माणूस लागतं." मी हसले होते. वाटलं, आई काय अभद्र बोलते जाताजाता.

मालक फर्निचर बाजारात हमाल. कपाटं, पलंग पाठीवर घेऊन जिने चढायचे. मी घरी बसून जीनच्या प्यांटींचे धागे तोडायचे. कारखान्यातून गठ्ठा आणायचा, पुढ्यात घ्यायचा, छोट्या कातरीनं लोंबते धागे कापायचे, परत नेऊन द्यायचा. निळा रंग नखात बसला तो अजून गेला नाय म्हटलं तरी चालंल. भाषा बी तशीच झाली. देवीशी हिंदी, बाजारात थोडं सिंधी, घरात आपलं. देवी मला माई म्हणायची, मी तिला देवी. वरसानुवरसं एका भिंतीला दोघींची घरं. दिवाळीला माझी करंजी तिकडं, तिचा पापड हिकडं. पण तिच्यापुढं मी कधी रडले नव्हते. तशी वेळच आली नव्हती.

बाळी मालकांची. पिल्लू असताना वालधुनी नदीच्या काठानं कुठं तरी सापडली, आई मेलेली. त्यांनी पोटाशी धरून आणली. मी म्हटलं, "हितं माणसाला जागा नाय, ही कुठं निजायची?" तर म्हणाले, "माझ्या उशाला." दिवसभर ओझं वाहून आले की बाजारातला कोबीचा पाला पिशवीतून काढायचे आन् दारातून हाक मारायचे, "ये गं माझे बाय, जेव गं माझे बाय." बाळी जिथं असंल तिथून ओ द्यायची. तिची ओ आल्याशिवाय हे चपला काढायचे नाय. मला म्हणायचे, "तू तीन हाकांनी येतीस, ही एका हाकंत." मी म्हणायचे, "तिला धागे तोडायचे नसत्यात."

त्या उन्हाळ्यात बाजारातच छातीत कळ आली आन् गेले. बाजारातल्या माणसांनी घरी आणून दारात ठेवले.

आता आमच्याकडची रीत सांगते, कारण ती कुणाला ठावं नाय म्हणूनच हे सगळं झालं. आमच्यात माणूस गेलं की बाई हेल काढून रडती. नुसतं ऊंऊं नाय. बोलून रडती. तो कसा होता, काय खायचा, काय बोलायचा, सगळं त्याला सांगायचं, सूर धरून. गेलेल्याचं ते देणंच असतं, ते दिल्याशिवाय त्याला न्यायचं नाय. आन् ती रडायला लागली की दुसरी बाई येऊन तिच्या गळ्यात पडती आन् ओ देती, "नको गं बाय, नको गं." मंग तिसरी येती. एकटीला रडू देत नाय. ओ नाय आली तर बाई थांबू शकत नाय, तिचा जीव वरच्यावर राहतो.

मी सुरू केलं. माझ्या धन्या रं, पाठ मोडली रं. दुसऱ्याचे पलंग वाहिलंस, भुईवर निजलास रं. आन् ओ आलीच नाय. भोवती सगळी गल्ली उभी, पण कुणी पुढं येईना. देवी पदर तोंडावर धरून उभी होती. तिची चूक नाय, नंतर तिनंच मला सांगितलं, "माई, मुझे लगा अकेले रोने दूँ, मन हलका होगा." मंगल अजून बदलापूरहून पोचायची होती. सुनील होता, माझं रक्त नसलं तरी त्यांचं रक्त. त्याच्या हातात नवा मोबाईल होता, कॅमेऱ्याचा.

मी तशीच पुढं रडत गेले. कोण आता पाला आणंल रं. कोण दारातनं हाक मारंल रं. ये गं माझे बाय म्हणून कोण बोलवंल रं. आन् ते शब्द तोंडातून गेले तशी बाळी भिंतीआडून आली आन् तिनं ओ दिली. मी परत म्हटलं, तिनं परत दिली. त्या सगळ्या माणसांत तिला एकटीला कळलं की ही हाक कुणाची. मी तिच्या गळ्यात पडले. मंग कुठं मी थांबले.

लोक तवाच हसले म्हणं. मला ऐकू नाय आलं.

तेरावं झाल्यावर मी गठ्ठा पोचवायला कारखान्यात गेले. तिथं माल मोजून घेणारा माणूस होता, चांगला माणूस, कधी उलट बोलला नाय. त्याच्या खिशात मोबाईल वाजला. आन् खिशातून बाई रडायला लागली. मला वाटलं, कुणाच्या घरी काय तरी झालं. मंग कानावर आलं, ये गं माझे बाय. मंग बाळीची ओ. तो हसत हसत मोबाईल काढत होता, माझ्याकडं बघितलं आन् त्याचा हात तिथंच राहिला.

"माई... ये आप हो?"

मी म्हटलं, "गठ्ठा मोज."

त्यानं मोजला. मोबाईल वाजतच होता. मालकांना नेलं त्या दिवशी जेवढी मेले नाय तेवढी त्या माणसाच्या खुर्चीपुढं उभ्याउभ्या मेले.

घरी येऊन सुनीलला बोलावलं. तो अंबरनाथला कंपनीत. आला तवाच तोंड उतरलेलं, कंपनीत बी पोचली होती क्लिप.

"काकी, आईशप्पथ, मी आत्यासाठी काढली. आत्या अंथरुणात, तिला काकाचं शेवटचं बघायला भेटलं नसतं."

ते खरं होतं. माझी नणंद गावी लोळागोळा होऊन पडलेली. तिला पाठवायला म्हणून हा मोबाईल घेऊन दुकानात गेला. ते दुकान म्हंजे, मेमरी कार्डात गाणी भरून देतात ते. दुकानदारानं आपल्या कॉम्प्युटरवर घेतली, बघितली, हसला, ठेवून घेतली. मंग जो कोण गाणी भरायला यायचा त्याला गाण्यांवर ही फुकट. तिथून ब्लूटूथवर, तिथून इंटरनेटवर. पुढचंमागचं कापलं होतं. मालक त्यात दिसतच नाय. नुसती मी आन् शेळी. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारीला येड लागलंय, बकरीसंगं गाणं म्हणती.

"आत्याला पोचली का?" मी विचारलं.

त्यानं मोबाईल पाठीमागं लपवला.

"सांग की. उल्हासनगरच्या सगळ्या कॅम्पात पोचली, अंबरनाथात पोचली. जिच्यासाठी काढलीस तिला पोचली?"

"गावात कुणाकडं बघायला साधन नव्हतं, काकी."

"सुन्या, तुझा चुलता दारात पडलेला. मी ओ मागत होते. तो मोबाईल खिशात टाकून माझा खांदा धरला असतास तर तुझा हात झडला असता का?"

तो रडला. मी नाय रडले. मला कारखान्यातल्या त्या दिवसापासून रडू येतच नव्हतं.

मंग लोक बाळीला बघायला यायला लागले. "यही है क्या वो?" कान ओढायचे. वेफर चारायचे. हाक मारायचे, ओ दिली की टाळ्या. ती बिचारी दरवेळी दाराकडं बघायची, खरंच आले की काय म्हणून. पाच माणसांत एक तरी मला म्हणायचा, "माई, आप तो फेमस हो गये." फेमस! काय खायचं असतं ते? एक कुठल्या तरी च्यानलचा माणूस आला, मोठा कॅमेरा घेऊन. गोड बोलत होता. "आजी, फक्त एकदा तसंच रडून दाखवा ना, मूळ क्लिपमध्ये आवाज नीट नाहीये."

मी म्हटलं, "तुझी आई हाय का रं?"

"आहे ना."

"ती गेली की ये. दोघं मिळून रडू. तवा तुझा आवाज बी नीट घेऊ."

देवीनं त्याला गल्लीबाहेर घालवला. सिंधीत काय बोलली ते मी लिहू देणार नाय. पण घालवून किती जणांना घालवणार? बाळी खायची बंद झाली. बरगड्या दिसायला लागल्या. मंगल म्हणाली, "आई, आता बास. चल माझ्याकडं." म्हणून तो टेम्पो. नवऱ्यामागं गाव सोडलं, आन् त्यांच्यासाठी रडले म्हणून उल्हासनगर सोडावं लागलं.

मंगलचा फ्लॅट बदलापूरला, नव्या बिल्डिंगीत. पांढरी फरशी, पाय ठेवायची भीती. सोसायटीच्या माणसानं पहिल्याच दिवशी सांगितलं, जनावर चालणार नाही. मंग जावयांनी बदलापूर गावात ओळख काढली. तिथं यमुनाबाई म्हणून हाय, भाताची शेती होती, आता दोन म्हशी आन् एक गोठा राहिलाय. तिनं बाळीला ठेवून घेतलं. मी रोज पाला घेऊन जायचे. हाक मारायचे नाय. नुसता पाला पुढं टाकायचे.

एकदा यमुनाबाई म्हणाली, "काय गं, रोज येतंस, मुक्यानंच जातंस. बकरीला नाव-गाव हाय का नाय?"

मी सांगितलं. शेणाच्या पाटीशेजारी ती बसलेली, मी उभी. सगळं सांगितलं. क्लिपचं सांगितलं. मला वाटलं ही बी हसंल. ती उठली. हात शेणानं भरलेले, ते अंगापासून लांब धरले आन् कोपरानं माझी मान ओढून घेतली. म्हणाली, "नको गं बाय. नको गं."

तिची बोली वेगळी, आमची वेगळी. पण ओ तीच. मी तिथं गोठ्यात बसून मालकांचं राहिलेलं सगळं दिलं. म्हशी बघत होत्या. मोबाईल कुणाकडं नव्हता.

आई म्हणाली होती ते तवा कळलं. घर म्हंजे आता मला बिल्डिंग नाय, उल्हासनगरची खोली नाय, गावचं पडकं छप्पर बी नाय. जिथं मोठ्यानं रडता येतं ते घर. माझं तेवढं एका गोठ्यात हाय.

बाळी पुढच्या थंडीत गेली. यमुनाबाई आन् मी, दोघींनी तिला पुरलं. मी तिच्यासाठी बी हेल काढला, तिचं देणं होतं.

पण राग गेला नाय. मंगलची सासू गेली तवा मी बघितलं, भिंतीला लागून बाया बसलेल्या, सगळ्यांचे पदर तोंडात कोंबलेले. एकीनं आवाज काढला तर दुसरी कानात म्हणाली, "हळू, कोणी शूटिंग करंल." माझी क्लिप सगळ्यांनी बघितली होती ना. म्हातारीला वाजतगाजत न्यायला पाहिजे होतं, तिला चोरावानी नेली. हे माझ्या एकटीचं नुकसान नाय.

क्लिप पुसा म्हणून मी कुणाला सांगत नाय, ती आता पुसून पुसायची नाय. माझं एवढंच मागणं हाय. कुणाच्या दारात बाई मोठ्यानं रडायला लागली, तर मोबाईल खिशात ठेवा आन् पुढं व्हा. काय बोलायचं ते सुचत नसंल तर नका बोलू. नुसती ओ द्या. माझ्या शेळीनं दिली तेवढी.