ओनोदेरा-सानचा ब्लँक

किस्से साठायला रिकामा वेळ लागतो. आमच्या ऑफिसात तो नव्हता, म्हणून टोकियोतल्या नोकरीचे किस्से विचाराल तर मी दोनात आटपेन. मासे धरायचे रॉड बनवणाऱ्यांकडे मात्र वेळच वेळ! दांड्यावर कड्या दोऱ्याने बांधल्या, त्यावर इपॉक्सीचा लेप लावला, की तो वाळेपर्यंत करायचं काय? रॉड छोट्या मोटरवर सावकाश गरगरत असतो आणि माणसं बोलत असतात. आमचं हे बोलणं टोकियोला लागून असलेल्या उरायासुच्या एका फिशिंगच्या दुकानात, मागच्या खोलीत, दर शनिवारी चालायचं. २०११च्या मोठ्या भूकंपाला तेव्हा वर्ष-दीड वर्ष झालं होतं.

मी करमरकर, मूळचा ठाण्याचा, कंपनीने तिकडे पाठवलेला. जपानी जिभेला माझं आडनाव पेलेना. ‘कारुमारुकारु-सान’ म्हणता म्हणता लोकांना धाप लागायची. शेवटी दुकानातल्या मंडळींनी त्याचं ‘कारु-सान’ करून टाकलं. बायको म्हणाली, “चला, आडनावाचा एक तृतीयांश तरी राहिला!”

* * *

दुकान नाकागावा-सान नावाच्या बाईंचं. साठीच्या, बुटक्या, सतत कामात. नवरा दुकान चालवायचा. तो भूकंपाच्या आधीच आजारपणात गेला. दुकान बंद करायचं असं सगळ्यांनी ठरवलं होतं, फक्त बाईंनी ठरवलं नव्हतं.

भूकंपात त्या भागातली जमीन पातळ होऊन चिखल वर आला होता. घरं पडली नाहीत, पण कलली. बाईंचं दुकान दाराच्या दिशेने कललं. ब्लँक, म्हणजे रॉडचा नुसता दांडा, ना मूठ ना कड्या, काउंटरवर ठेवला की गडगडत दाराकडे जायचा. आत येणारं गिऱ्हाईक तो झेलायचं. बाई लगेच म्हणायच्या, “बघा, त्यानेच तुम्हाला निवडलं!”

एकदा मी म्हटलं, “नवऱ्याकडून बरंच शिकलात तुम्ही.”

“एकच गोष्ट शिकले. सकाळी बायकोशी भांडून आलेल्या माणसाला ब्लँक विकायचा नाही. तो सगळ्यात कडक उचलतो आणि संध्याकाळी परत आणतो!”

आम्ही हसलो. त्याही हसल्या. मग काउंटरवरून निघालेला एक ब्लँक हाताने अडवत म्हणाल्या, “हे लेव्हल लावल्याशिवाय एक फळी ठोकायचे नाहीत. हे तिरकं दुकान त्यांना बघावं लागलं नाही, ते बरं झालं.”

थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, “पण असते, तर सरळ करून घेतलं असतं त्यांनी.”

* * *

आमचा नाद होता ट्रोलिंगचा. बोट सावकाश चालवायची, मागे लांब दोरी सोडायची, टोकाला खोटा मासा. बाकीचे लोक रॉड बोटीवरच्या होल्डरमध्ये खोचतात आणि जेवणाचा डबा उघडतात. आमची मंडळी मात्र रॉड तासन्‌तास हातात धरून बसणारी. खोटा मासा पाण्यात कसा थरथरतोय ते मनगटाला कळलं पाहिजे, हा हट्ट! त्यामुळे सगळा जीव ब्लँकच्या निवडीत. फार कडक असला तर मासा लागतो आणि तोंड फाटून सुटतो. फार मऊ असला तर काहीच कळत नाही. जड असला तर दुपारपर्यंत हात आपला राहत नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. पहिला ब्लँक मी दिसण्यावर घेतला. काळा कुळकुळीत, कार्बनचा, लांबलचक. घरी नेऊन बायकोला ऐटीत फिरवून दाखवला. दिव्याची काच खाली आली.

“पंखा नाही या घरात, नशीब!” ती म्हणाली.

दुकानात तो पहिल्यांदा हातात घेतला ओनोदेरा-साननी. हे आमच्यातले सगळ्यात वयस्क. वर उत्तरेला, मियागीच्या किनाऱ्यावर आयुष्यभर मासेमारी केलेले. त्सुनामीत गाव गेलं, बायको गेली. तेव्हापासून उरायासुला मुलीकडे राहत होते. बाप घरात भिंतीकडे बघत बसतो म्हणून मुलीनेच त्यांना पहिल्यांदा दुकानाच्या दारात आणून सोडलं होतं.

त्यांनी माझा ब्लँक उचलला, हलवला आणि अगदी अदबीने परत दिला.

“कारु-सान, जाळी काढायला उत्तम आहे.”

“कुठली जाळी?”

“कोळ्याची. छतातली.”

* * *

चौथा आमचा सबनीस. नागपूरचा, विद्यापीठात कार्बन फायबरवर पोस्टडॉक करणारा. त्याने ठरवलं की ब्लँक असा अंदाजाने निवडायचा नाही, मोजून निवडायचा. बूड टेबलाला क्लॅम्पने आवळायचं, टोकाला वजन टांगायचं, किती वाकतो ते बघायचं. वजनं कुठली? निशी-कसाई या भारतीय वस्तीतल्या दुकानातून आणलेल्या डाळीच्या पिशव्या!

ओनोदेरा-सान आत आले तेव्हा ब्लँक धनुष्यासारखा वाकलेला आणि टोकाला पिवळी पिशवी लोंबत होती. त्यांनी जवळ जाऊन निरखून पाहिलं.

“हा कुठला मासा?”

“तूर डाळ,” सबनीस म्हणाला.

“आमच्याकडे नाही सापडत.”

दुपारभर मोजून सबनीसने निकाल दिला: हातात धरायला अमुक एक ब्लँक, काचेच्या तंतूत थोडा कार्बन मिसळलेला. आम्हाला वाटलं, आता म्हातारबुवा त्याची खिल्ली उडवणार. त्यांनी तो ब्लँक घेतला, टोक जमिनीला टेकवून दाबला, हात लांब करून थोडा वेळ तसाच धरला.

“बरोबर आहे. मीही हाच दिला असता.”

सबनीसचा चेहरा असा फुलला, की त्याचे पेपर छापून आले तेव्हाही तसा फुलला नसेल. मग ओनोदेरा-सान म्हणाले, “तुम्ही जेवढं मोजता ना, तेवढं आमच्या किनाऱ्यावर भिंत बांधताना कुणी मोजलं असतं तर…” सबनीसने गुपचूप डाळ उतरवून घेतली.

* * *

ओनोदेरा-सान समुद्रावर येणार नाहीत, हे कुणी न सांगता सगळ्यांना माहीत होतं. म्हणून एका रविवारी आम्ही निक्कोकडच्या डोंगरातल्या तळ्यावर गेलो. तळ्याला लाटा नाहीत. तरी ते बोटीत बसले नाहीत. काठावर घडीची खुर्ची टाकून बसले.

आमची बोट काठाजवळून गेली की त्यांची हाक यायची, “कारु-सान, रॉड तुमच्या हातात आहे, की तुम्ही रॉडच्या हातात?”

मला ट्राउट लागला. जोराचा हिसका आला, मी त्याहून जोराने ओढलं, आणि संपलं! कडक कार्बन, तोंड फाटलं, मासा गेला. सबनीसला त्याच्या डाळवाल्या रॉडवर दोन मिळाले. पण भूकंपात झालेल्या अणुभट्टीच्या अपघातानंतर तिथले मासे घरी न्यायला बंदी होती. धरायचे आणि सोडायचे. सबनीसने दोन्ही सोडले.

“चला, तुमची बरोबरी झाली,” ओनोदेरा-सान म्हणाले.

परतीच्या गाडीत सबनीसला डुलकी लागली. माझ्या शेजारी ओनोदेरा-सान. मी काही विचारलं नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले.

“मोठा भूकंप झाला की मच्छीमाराने बोट घेऊन खोल समुद्रात जायचं असतं. किनाऱ्याजवळ लाट बोट फोडते. खोल पाण्यात ती नुसती उचलते आणि खाली ठेवते. आजोबांनी वडलांना सांगितलं, वडलांनी मला. मी गेलो. लाटेने उचललं आणि खाली ठेवलं.”

“आणि बोट?”

“बोटीला काही झालं नाही. दोन दिवसांनी परत आलो तेव्हा लोक म्हणाले, ओनोदेरा, तुझी बोट वाचली! गावात मोजक्याच वाचल्या होत्या. लोक अभिनंदन करत होते आणि मी फुमिएला शोधत होतो.”

फुमिए म्हणजे त्यांची बायको. ती कधीच सापडली नाही. बोट त्यांनी पुतण्याला देऊन टाकली.

कुठलंसं स्टेशन आलं. त्यांनी मला विचारलं, “इथे चहा मिळतो का हो?” मी उतरून मशीनमधून गरम चहाचे दोन कॅन आणले. उरायासु येईपर्यंत आम्ही दोघांनीही ते उघडले नाहीत.

* * *

त्या वर्षी गणपतीला मी त्यांना निशी-कसाईला नेलं. आधी दुकानात गेलो होतो, त्यामुळे त्यांच्या हातात एक ब्लँक होता. हॉलमध्ये शिरताक्षणी मंडळाच्या एका उत्साही कार्यकर्त्याने “अरे वा, काठी आणली का!” म्हणत तो काढून घेतला आणि त्याला भगवा झेंडा बांधला. ओनोदेरा-साननी वाकून त्याचे आभारही मानले! विसर्जनाच्या मिरवणुकीत, म्हणजे हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, झेंडा त्यांच्याच हातात. तो इतका सुंदर वाकत होता की सबनीस म्हणाला, “ॲक्शन बघ काय आहे!”

नदीत विसर्जनाला परवानगी नव्हती. प्लास्टिकच्या टबात पाणी भरलेलं. मूर्ती पाण्यात गेली, पोरं ओरडायला लागली. ओनोदेरा-सानचं हसू गेलं.

“तुम्ही देवाला पाण्यात सोडता?”

“हो.”

“हे काय ओरडताहेत?”

“पुढच्या वर्षी लवकर या, असं सांगतात.”

“येतो?”

“येतो की. दर वर्षी.”

मूर्तीचा रंग पाण्यात उतरेपर्यंत ते टबाशी उभे होते. मग माझ्या बायकोने त्यांच्या हातावर मोदक ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, “तुमचं आणि पाण्याचं बोलणं आहे. हे चांगलं आहे.”

* * *

गणपती झाले आणि ओनोदेरा-साननी स्वतःसाठी ब्लँक शोधायला सुरुवात केली. आम्हाला कोण आनंद! म्हटलं, आता हे पाण्यावर येणार. पण एकही पसंत पडेना. ते डोळे मिटायचे, हात लांब करायचे, थोडं हलवायचे आणि परत कोनाड्यात ठेवायचे. सबनीसचा लाडका ब्लँकसुद्धा नाकारला. पानं गळाली, थंडी आली, बाईंनी तीनदा नवा माल मागवला. शेवटी त्यांनी विचारलंच, “ओनोदेरा-सान, तुमच्या मनगटाला नक्की हवंय तरी काय?”

“माझ्या मनगटाला नाही. एका मुलीसाठी बघतोय. तिचं मनगट बारीक आहे.”

त्यांना नातवंडं नव्हती. आम्ही पुढे विचारलं नाही.

त्यांची मुलगी मिका चाळिशीची, एका दवाखान्यात नोकरी करायची. कधी न्यायला आली तरी दाराबाहेरच थांबायची. एकदा मी बाहेर पडताना तिने मला गाठलं.

“ते इथे काय करतात?”

“ब्लँक निवडतात. हातात धरायच्या रॉडसाठी.”

“ते समुद्राकडे बघतसुद्धा नाहीत.” मग जरा थांबून म्हणाली, “आमच्या बोटीवर होल्डर नव्हता. लहानपणी रॉड मीच धरायची. कुणी विचारलं की बाबा सांगायचे, होल्डर कशाला, मला मुलगी आहे!”

मी हसलो. ती हसली नाही.

“आता आम्ही हवामानावर बोलतो. रोज. पाऊस येणार का, छत्री घेऊ का. त्या दिवसाबद्दल मी त्यांना एक शब्द विचारलेला नाही. बोटीचं सगळं विचारून झालंय लोकांचं.”

* * *

आणि मग तो शनिवार. ओनोदेरा-सानना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, उशीर होत होता, म्हणून मिका त्या दिवशी पहिल्यांदा आत आली. मागच्या खोलीत सबनीस कड्यांना दोरा गुंडाळत होता, मी इपॉक्सी ढवळत होतो, बाई खोकी फोडत होत्या. ओनोदेरा-सान उभे होते. त्यांच्या हातात नव्या मालातला एक ब्लँक होता.

“बाबा, चला. डॉक्टर थांबणार नाहीत.”

“हे जरा धर. कोट घालतो.”

तिने ब्लँक घेतला. कोट खुंटीला होता. ते कोटाकडे गेलेच नाहीत.

तिने आधी तो छत्रीसारखा धरला होता. मग कोपर आपोआप बरगडीला टेकलं, पहिलं बोट ब्लँकवर लांब झालं, टोक खाली झुकलं. ती टोकाकडे बघत होती. सबनीसने दोरा थांबवला.

“टोकाला जड आहे,” ती म्हणाली.

“हो का?” ओनोदेरा-साननी तो काढून घेतला आणि दुसरा दिला.

तिने तो धरला. जरासा हलवला. परत कोपर बरगडीला. मोटरवरचा रॉड तेवढा फिरत होता. मग टोकावरची नजर न काढता ती म्हणाली, “बाबा, त्या दिवशी आई कुठे उभी होती?”

बाईंच्या हातातलं खोकं हातातच राहिलं.

ओनोदेरा-सान म्हणाले, “धक्क्यावर. बोटीचा दोर तिनेच सोडला.”

“काही म्हणाली?”

“टोपी घेतलीत का, म्हणाली. बर्फ पडायला लागला होता.”

“घेतली होतीत?”

“नाही.”

मिकाने बोट ब्लँकवरून टोकापर्यंत नेलं, तिथून परत मुठीच्या जागेपर्यंत आणलं. मग तो बापाच्या हातात दिला, खुर्ची ओढली आणि बसली.

“हा नको,” ती म्हणाली. “याच्याहून जरा मऊ बघा.”